बोटीवरची कॅप्सूल

टूनाची बोट धक्क्याला लागली, तशी रोवेनाने पोरांना बहिणीकडे पिटाळलं आणि उशीखालची पाकिटं पुन्हा चाचपून पाहिली.

बोट परत फिरल्याची खबर आली, की वस्तीतल्या बायका आरोग्यकेंद्रात जाऊन इंजेक्शन घेऊन यायच्या. रीतच होती तशी. यंदा नर्सबाईंनी सुई टोचता टोचता बजावलं होतं, "यानं पोर थांबतं, रोग थांबत नाही. हे निरोध न्या." शेजारची मिंडा नुसतीच सोबतीला गेली होती. तिला आठवा महिना. मिळालेलं पाकीट तिने रोवेनाच्या पिशवीत टाकलं.

"तूच ठेव बाई. माझा हंडा भरलेलाच आहे. मला आता कसली भीती?"

तिचा नवरा नेस्टर बोटीवरून येऊन, आंघोळ करून, केस चापूनचोपून आत आला. रोवेनाने मान खाली घालून एक पाकीट पुढे केलं. कानाखाली बसणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

तो हसला. "इंजेक्शन घेतलंयस ना? मग हे कशाला?"

"नर्सबाई म्हणाल्या."

"त्यांना काय ठाऊक? आम्हाला काय घरच्यांची काळजी नाही? बोट लागायच्या आदल्या दिवशी तांडेल एकेक कॅप्सूल देतो. बंदरात बाहेरचं काही अंगाला चिकटलं असेल, तर घरी येईस्तोवर साफ."

"सगळ्यांना देतो?"

"सगळ्यांना. कोण सुटलाय त्यातून? मिंडाच्या नवऱ्याला तर या खेपेला दोन दिल्या. लघवीला जळजळत होतं बिचाऱ्याला."

हे तो इतक्या भाबडेपणाने सांगत होता, की त्याच्या अंगावर धावून जावं की रडावं, तिला कळेना. तिने उशीखालून मिंडाचं पाकीट ओढलं आणि अनवाणीच बाहेर पडली.

मिंडाच्या उंबऱ्याशी तिच्या नवऱ्याच्या चपला होत्या. दार लोटलेलं होतं. रोवेनाने कडी वाजवली, मग जोरात वाजवली. गल्लीत दोघेतिघे बोटवाले बिड्या ओढत बसले होते. त्यांच्यादेखत काय बोलणार?

"मिंडा, जरा बाहेर ये. तुझं पाकीट राहिलंय माझ्याकडे."

आत मिंडा खुदकन हसली.

"ठेव गं तुलाच. सांगितलं ना, मला आता कसली भीती?"

आणि आतून खिटी सरकली.