मुंग्यांना घाई नव्हती

कैलासचंद शेठजींच्या नातीचा, जिनलचा, कॉलेजचा फॉर्म पाच वाजेपर्यंत भरायचा होता आणि दुकानातला लॅपटॉप सकाळपासून सुरू होत नव्हता. त्याची बॅटरी कधीचीच गेलेली, तो नुसत्या चार्जरवर चालायचा. फोन आला तसा मी दुरुस्तीची पिशवी घेऊन जीपने कामरगावला पोचलो.

"चार्जर लावला ना, शेठजी?"

"लावला ना बापा. तेवढं समजते मले."

मी लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं. आत मुंग्यांचं अख्खं गाव वसलं होतं. मी हवा मारायला ब्लोअर काढला, तर शेठजींनी माझा हातच धरला.

"जीव हायेत ते, रविकांत! त्यायले त्यायच्या पायानं जाऊ दे."

शेठाणी कंचनबाईंनी बशीत साखर आणून शेजारी ठेवली. मग आम्ही चौघं मुंग्यांची मिरवणूक बघत बसलो. जिनल रडकुंडीला आली, पण मुंग्यांना काही घाई नव्हती. दीड तासाने शेवटची मुंगी बशीत उतरली. मी झाकण लावलं, बटण दाबलं. लॅपटॉप ढिम्म!

चार्जरची वायर धरून भिंतीपर्यंत गेलो, तर तिथलं बटण बंद.

"शेठजी, हे काहून बंद हाये?"

"सकाळी दाबतच होतो, तर त्याच्यावर एक मुंगी बसली होती," शेठजी शांतपणे म्हणाले. "म्हटलं, ती उठेपर्यंत तुले फोन लावून घेऊ."