धावजीकाकांचं हँडल
साहेब, आमच्या क्लबची पहिली गाडी, धावजीकाकांची जीप, तुम्ही भंगार म्हणून कापली आणि वरून म्हणता, गाडी बंद होती. तीन वर्षांपूर्वी पोळ्याला धावजीकाकांनी याच जीपवर बैलाची झूल टाकून तिला तोरणाखाली बैलांच्या रांगेत उभं केलं. ‘तांड्यातले बैल गेले, आता हाच माहा बैल,’ म्हणाले. गाव पोट धरून हसलं. पण पुढच्या पोळ्याला पुसदच्या दोन फियाट आणि बाभुळगावची अँबेसिडर नटूनथटून तिच्यामागे रांगेत उभ्या राहिल्या, अन् जुन्या गाड्यांचा आमचा क्लब झाला. यंदा तुम्हीच ती जीप ऑफिससमोर चार दिवस शोभेला मागून नेली. काकांनी दिली, फक्त हँडल घरी ठेवलं. बैल दुसऱ्याला दिला तरी दावं आपल्या घरी ठेवायचं, ही आमची रीत. पुढून हँडल घालून फिरवल्याशिवाय ती जीप चालू होत नाही, म्हणून ती बंदच समजून तुमच्या माणसांनी तिला आवारातल्या बाद गाड्यांसोबत कापायला पाठवलं. आज पोळ्याच्या सकाळी काका हँडल घेऊन तिला न्यायला आले, तर तिथे नुसता तेलाचा डाग. तुमचा शिपाई म्हणाला, ‘बंद गाडीसाठी कायले रडता, काका?’ ‘बंद नव्हती बाप्पा. हँडल माह्यापाशी होतं. एक डाव विचारलं असतं तं पळत आलो असतो.’ तिकडे तोरण बांधून झालंय, पहिली जागा रिकामी आहे, आणि काका हँडल मांडीवर घेऊन तुमच्या दारात बसलेत. साहेब, बाहेर या आणि त्यांना तोंडावर सांगा, एकदा विचारलं काहून नाही?