डुलकी

पहिलाच ठोसा नाकावर बसला. चिटालू मांडवाच्या बांबूवर आपटला आणि खाली कोसळला. मक्याच्या पिठाची नशिमा शिजत होती, त्या पातेल्याभोवतीच्या बायका किंचाळत उठल्या.

"ऊठ!" न्सोफ्वानं त्याला कॉलर धरून उभं केलं. "माझ्या भावाला चिरडलंस आणि त्याच्याच मयताला आलास?"

कसुबा न्सोफ्वाचा मधला भाऊ. तांब्याच्या खाणीत, खोल बोगद्यात अडकलेली केबल सोडवायला तो शिरला आणि दगड भरणारा लोडर त्याच्या अंगावर गेला. लोडरवर माणूस नव्हता. चिटालू तो चालवत होता, लांब लुसाकाच्या ऑफिसात, पडद्यासमोर बसून. पूर्वी त्याच लोडरच्या सीटवर न्सोफ्वा बसायचा.

"डुलकी लागली होती ना तुला? बोल!"

"नाही, दादा. तो दिसला त्याच क्षणी ब्रेक दाबला मी."

गुडघा पोटात बसला. चिटालू वाकला.

"मग थांबला का नाही?"

"चित्रच उशिरा येतं." चिटालूनं रक्त थुंकलं. "कंपनीचे सर्व्हर युरोपात. खाणीतलं चित्र समुद्राखालून तिकडे जातं, तिथून फिरून लुसाकाला येतं. माझा ब्रेकही त्याच वाटेनं परत जातो. मला तो समोर उभा दिसला, तेव्हा लोडर त्याच्यापर्यंत पोचला होता."

"खोटारड्या! इंटरनेटची नवी लाइन टाकली ना त्यांनी? दसपट मोठी?"

"रुंद झाली, दादा. वाट तेवढीच लांब राहिली. इंजिनिअर म्हणतो, उजेडालासुद्धा तेवढं जायला वेळ लागतोच. शिवाय वाटेत ठिकठिकाणी थांबावं लागतं. कितीही पैसा ओता, थोडंफारच कमी होतं."

न्सोफ्वानं चुलीतलं जळकं लाकूड उपसलं आणि त्याच्या खांद्यावर हाणलं. ठिणग्या उडाल्या. शर्ट करपला. दुसरा घाव तोंडावर बसला, दात मातीत पडला.

"भाऊजी, मरेल तो!" कसुबाची बायको ओरडली.

"प्यायला होतास! फोनवर बोलत होतास! काहीतरी केलंस तू. सांग!" न्सोफ्वाचा आवाज चिरकला. लाकूड पुन्हा वर गेलं.

चिटालूनं हात आडवा धरला नाही. "मारा. पण मी जागा होतो, दादा. डोळे उघडे ठेवून बघत होतो."

लाकूड हातातून गळलं. न्सोफ्वा धुळीतच बसला, चिटालूची रक्ताळलेली कॉलर तशीच मुठीत धरून.

"एकदा म्हण रे, डुलकी लागली होती," तो कुजबुजला. "सोमवारपासून तुझ्या खुर्चीत मला बसवतायत. आणि खाली बोगद्यात आमच्या धाकट्याची पाळी आहे."