मेजरचं स्वादुपिंड

"अंगावरचं लोखंड, चांदी, सगळं काढा आणि सोबतच्या माणसाकडं द्या," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

केरबाने घड्याळ काढलं, अंगठी काढली. कमरेचा चांदीचा करदोटा निघायला जरा वेळ लागला. सगळं रुमालात बांधून त्याने तिच्याच हातात दिलं. कराडच्या त्या एमआरआय सेंटरमध्ये एकेका पेशंटमागे तीन-तीन माणसं आली होती. केरबा एकटाच आला होता.

यंत्राच्या पोकळीत तो हलला नाही. कानात त्या मुलीचा आवाज यायचा. "श्वास घ्या. धरा. सोडा." एकदा ती 'सोडा' म्हणायचं विसरली, तर याने छाती भरून तसाच धरून ठेवला. शेवटी तीच घाबरली.

"अहो मेजर, सोडायचा की!" फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेल्यालाही इकडं मेजरच म्हणतात.

"ऑर्डर न्हाई आली," आतून केरबा म्हणाला.

पडद्यावरची चित्रं बघत डॉक्टरांनी विचारलं, "पिता का?"

हा प्रश्न त्याला नवा नव्हता. पोटात कळ आली की तो बांधावर वाकून बसायचा, ओकायचा, आणि गाव म्हणायचं, मेजरला आज जास्त झाली.

"न्हाई. कँटीनचा रमचा कोटा आणायचो, त्यो भावकी आमच्या सोप्यात बसून प्यायची. मी नुसतं शेंगदाणं खायाचो."

डॉक्टर हसले नाहीत. "खरं असेल. स्वादुपिंडावर वण पडलेत, ते आक्रसलंय. आत खडेही आहेत. फार जुनं दुखणं दिसतंय हे. दारूचा थेंब न घेणाऱ्यालाही होतं असं."

केरबाने त्यांना शेवटचं वाक्य परत म्हणायला लावलं. मग खुर्चीत पुढं सरकून म्हणाला, "हे माझ्या लेकीला फोनवर सांगता का? सांगलीला दिलीया. दोन वर्सं झाली, नातवाला पाठवत न्हाई. दारूच्या घरात पोरगं नको म्हणती. तिची आई तर ह्याच संशयात गेली."

"तुम्हीच सांगा, मेजर. तुमची लेक आहे. बाहेर लोक थांबलेत."

बाहेरच्या बाकावर बसून त्याने लेकीला, क्रांतीला फोन लावला. सकाळपासून पोटात पाण्याचा घोट नव्हता. ती "बोला पप्पा" म्हणाली आणि तो इतक्या वर्षांचं सगळं एकदमच सांगायला गेला.

"क्रांती... वण हाईत गं बाळ... जुनं हाय... दारू... डॉक्टर म्हणलं, दारू..." पुढचं रडण्यात गेलं. साठीचा माणूस हमसून हमसून रडत होता. शेजारची बाई उठून लांब जाऊन बसली.

पलीकडे नातवाचा आवाज येत होता. तो कुणाला तरी कॅच घे म्हणून सांगत होता. केरबाने फोन कानाशी आणखी दाबला.

"पप्पा," क्रांती हळू आवाजात म्हणाली, "आता भर दुपारीच?"

फोन बंद झाला. त्याने परत लावला. रिंग वाजत राहिली आणि आपोआप थांबली.

त्या मुलीने परत दिलेल्या रुमालाची गाठ मांडीवर तशीच होती. समोरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि ती मुलगी आतल्या नव्या पेशंटला माइकवरून सांगत होती, "श्वास घ्या. धरा."

केरबाने श्वास घेतला आणि धरला.

तेवढ्यात कुणीतरी आतून दार लोटून घेतलं. तो छाती भरून तसाच बसून राहिला.