चौथा घास

कारखान्याच्या तपासणी शिबिरात आहाराच्या मॅडमनी पन्नाशीच्या दशरथला बजावलं होतं, "वजन ब्याण्णव झालंय. रोज ताटात चार घास भात सोडूनच उठायचं."

महिन्याभरानं पुन्हा वजन केलं, तर काटा जेमतेम हललेला.

"सोडत नाही ना?"

"तीन सोडतो की." दशरथ पोरासारखा लाजला. "गावाला, पोशीरला, भातलावणीच्या दिवसांत आई मला बांधावर बसवून भरवायची. ह्यो बगळ्याचा, ह्यो ढवळ्या बैलाचा, ह्यो खेकड्याचा. ते तिघं आता उपाशी राहिले तरी चालतंय."

"आणि चौथा?"

"तो टाकवत नाय, मॅडम. 'आता ह्यो माजा' म्हणायची आई," दशरथ हळूच काट्यावरून उतरला, "आन् तोबी माज्याच तोंडात घालायची."