आशीर्वादाआधी कुणी हलायचं नाही

६ ऑक्टोबर २०२४, रविवार, सकाळी साडेदहा. उपासनेअखेरच्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये बेचाळीस माणसे उभी होती.

अर्धांगवायूनंतर प्रथमच आलेले पाळकसाहेब चाकांच्या खुर्चीत होते. आज आशीर्वाद देता आला नाही, तर निवृत्ती पत्करायची, असे त्यांनी ठरवले होते. पण उजवा हात उचलेना, जीभ वळेना.

“बसा सगळे,” पाळकीणबाई संकोचून म्हणाल्या.

“नाही, बाई,” पुढच्या बाकावरची एस्तेरआत्या म्हणाली. “आशीर्वादाआधी हलायचं नाही, हे यांनीच दटावून शिकवलंय. घरची भाकरी गार होऊ दे. सावकाश, साहेब!”

सगळे थांबले. पाळकसाहेबांनी खुर्चीच्या दांडीवर डावा हात रोवला. त्यांनी अंग वर रेटले. मग उजवा हात वर आला.

“प्रभू... तुम्हांला... आशीर्वाद देवो.”

“आमेन!”

चर्चमध्ये आता त्रेचाळीस माणसे उभी होती.