ये

“ये,” आजी म्हणाली.

“आले हो, आले.” आयाबाई पुन्हा उठली. ताट आल्यापासूनची ही सातवी खेप. पाय भरून आले होते आणि पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. तिने उशी सारखी केली, पाणी विचारलं, पांघरूण ओढलं. आजीने प्रत्येक वेळी मान हलवली, ताट दोन बोटं पुढे सरकवलं आणि म्हणाली, “ये.”

“अजून किती जवळ येऊ? आता मांडीवर बसू का तुमच्या?”

आजीची मायबोली तुर्की. लग्न होऊन या शहरात आली त्याला पन्नास वर्षं झाली, आणि इथली भाषा ती इथल्यासारखीच बोलायची. गेल्या महिन्यात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. एक ‘ये’ तेवढा शिल्लक राहिला, असं वॉर्डात सगळे म्हणत.

खाटेला टांगलेल्या वहीत नऊ दिवस एकच नोंद होती: ‘जेवण दोन घास.’ बाकी वेळ आजी अन्नाच्या मधोमध चमच्याने रेघ ओढत बसायची, मुलं पाटीवर ओढतात तशी. वजन उतरत चाललं होतं. सकाळी डॉक्टर म्हणाले होते, “आजही जेवल्या नाहीत, तर उद्या नाकातून नळी घालू.” आयाबाईने अशा नळ्या पाहिल्या होत्या. त्या उपटू नयेत म्हणून खाटेला बांधलेले हातही पाहिले होते.

तिने ताट मागे सरकवलं. आजीने ते पुढे सरकवलं.

आजीचा मुलगा भेटायला आला, तेव्हा आयाबाईने आधीच ठरवून ठेवलं होतं.

“दादा, दुसरी बाई बघा. माझ्याच्याने नाही होत आता. ताट आलं की यांचं सुरू होतं, ये, ये. मी समोर बसले तरी ये. एक घास पोटात जात नाही.”

“फक्त ताट आल्यावर म्हणते?”

“हो. एरवी तोंडातून चकार शब्द नाही.”

मुलाने ताट पाहिलं. मधली रेघ पाहिली. रेघेच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखं अन्न होतं.

“ताई, तुम्ही जेवलात?”

तिला प्रश्नाचा रागच आला. “यांचं आटोपल्याशिवाय कशी जेवू? रोज चार वाजतात.”

तो खाटेच्या कडेवर टेकला. “मला तुर्की येत नाही. आईने शिकवली नाही, मीही कधी विचारलं नाही. पण हा एक शब्द येतो. मी पानावरून लवकर उठायला लागलो की खांदा दाबून खाली बसवायची आणि हेच म्हणायची.” त्याने आईकडे पाहिलं. “तो आपला ‘ये’ नाही. त्यांच्यात ‘ये’ म्हणजे खा.”

आयाबाईने स्टूल खाटेजवळ ओढलं. ती त्यावर बसली. रेघेच्या आपल्या बाजूचा एक घास तिने उचलला, तोंडात घातला, सावकाश चावून गिळला. आजी तिच्या गळ्याकडे बघत होती.

मग आयाबाईने ताट दोन बोटं पुढे सरकवलं.

“ये,” ती म्हणाली.

आजीने डाव्या हाताने चमचा उचलला.